नेट न्यूट्रॅलिटी (भारतातला वाद)

नेट पुरवणाऱ्या कंपनीने सगळ्या साइट्सना आणि अ‍ॅप्सना एकच न्याय लावायचा, पैशाला पण आणि स्पीडला पण, हे तत्त्व. मराठीत नेट समानता, नेट तटस्थता असं लिहितात, बोलताना सहसा कोणी वापरत नाही.

शब्द साधारणपणे अमेरिकेतले कायद्याचे प्राध्यापक टिम वू यांच्या २००३ च्या निबंधापासून धरतात. कल्पना मात्र जुनी. इंजिनियर मंडळी सॉल्ट्झर, रीड आणि क्लार्क यांचा १९८४ चा 'एंड-टू-एंड' निबंध दाखवतात (हुशारी दोन टोकांच्या कॉम्प्युटरांत, मधल्या नेटवर्कने पाकीट, म्हणजे डेटाचा तुकडा, फक्त पुढे ढकलायचं), तर कायदेवाले अजून मागे रेल्वे आणि तारेच्या काळातल्या 'कॉमन कॅरियर' तत्त्वापर्यंत जातात, म्हणजे भाडं भरलं की कोणाचाही माल न्यायचा. मुळं दोन मानणंच बरं वाटतं, भारतात गाडी बहुतेक दुसऱ्या, म्हणजे कॉमन कॅरियरच्या रुळावर चालली.

डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने नेटवरून केलेल्या कॉलचे वेगळे पैसे लावायचं ठरवलं आणि ओरड झाल्यावर मागे घेतलं. मार्च २०१५ मध्ये ट्रायने (टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी नियामक संस्था) अ‍ॅप्सच्या नियमनावर सल्लापत्र काढलं, वीस प्रश्न, आणि उत्तरादाखल दहा लाखांच्या आसपास ईमेल गेले. ट्रायने ते वेबसाइटवर टाकले तर लोकांचे ईमेल पत्तेही उघडे पडले! त्याच वर्षी फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर महाराष्ट्र धरून सहा राज्यांत आणलेलं इंटरनेट डॉट ऑर्ग (पुढे फ्री बेसिक्स) जास्त गाजलं. विकिपीडिया, हवामान वगैरे फुकट, पण तिथून बाहेरच्या लिंकवर गेलं की डेटाचे पैसे. पेपरात फेसबुकच्या पानभर जाहिराती आल्या, झकरबर्गनी लेखात महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचं उदाहरण दिलं.

८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने मजकूर बघून वेगवेगळे दर लावायला बंदी घातली. दंड दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख. आणीबाणीच्या प्रसंगी दर कमी करता येतात, पण सात कामाच्या दिवसांत ट्रायला कळवायचं. यालाच लोक 'नेट न्यूट्रॅलिटीचा कायदा' म्हणतात ते तितकंसं बरोबर नाही, कारण हा नियम फक्त दरांचा, एखादी साइट मुद्दाम स्लो केली तर त्यात काहीच नव्हतं. ते ट्रायच्या नोव्हेंबर २०१७ च्या शिफारशींत आलं आणि २०१८ मध्ये लायसन्सच्या अटींत गेलं, 'स्पेशलाइज्ड सर्व्हिसेस' (ठरावीक कामासाठीच चालणाऱ्या खास सेवा) वगळून. २०२३ पासून मोठ्या अ‍ॅप कंपन्यांनी नेटवर्कच्या खर्चाचा वाटा उचलावा अशी टेलिकॉमवाल्यांची मागणी परत वर आलीय.