10 अँपिअरपासून 30 मिलिअँपिअरपर्यंत: अर्थ फॉल्ट पकडणाऱ्या सीटीची पार्श्वभूमी

मराठवाड्यात विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीत करंट उतरतो, तेव्हा त्यामागे जमिनीचाही मोठा हात असतो. काळी माती एप्रिल-मेमध्ये भेगाळते आणि अर्थिंगच्या सळईपासून सुटते. तिच्याखालचा काळा पाषाण तर कोरडा असताना वीज जवळजवळ वाहूच देत नाही. कोळसा-मीठ भरलेल्या खड्ड्यात पाणी टाकायचे राहून गेले आणि त्याचा रोध 20 ओहम झाला, असे समजा. डीपीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) अर्थिंगचे 5 ओहम त्यात मिळवले, तर पेटीला टेकलेल्या 230 व्होल्टच्या फेजमधून जमिनीत जाणारा प्रवाह 9.2 अँपिअर भरतो. मोटार सुरू होतानाचा झटका सोसण्यासाठी घातलेला किटकॅटमधला (फ्यूज बसवायच्या चिनी मातीच्या पकडीतला) फ्यूज एवढ्याने उडत नाही आणि पेटीवर 184 व्होल्ट तसेच उभे राहतात. अर्थ फॉल्ट, म्हणजे वीज जमिनीकडे वळण्याचा दोष, स्वतंत्रपणे ओळखण्याची गरज निर्माण झाली ती याच अडचणीतून.

त्यावरचा उपाय फार जुना आहे. सर्व फेज आणि न्यूट्रल असल्यास तोही एकाच गोल गाभ्यातून ओवला, तर गेलेला आणि परत आलेला प्रवाह एकमेकांचा परिणाम रद्द करतात व गाभ्यात चुंबकत्व उरत नाही. काही प्रवाह वाटेत जमिनीकडे वळला, की तेवढ्याच फरकाचे चुंबकत्व उरते, गाभ्यावरच्या दुय्यम गुंडाळीत दाब निर्माण होतो आणि त्यावर रिले (वीज तोडायला लावणारे साधन) चालतो. जर्मनीत 1903 साली या तत्त्वाचे पेटंट घेतले गेले होते. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये चार्ल्स मर्झ आणि बर्नार्ड प्राइस यांनी केबलच्या दोन्ही टोकांना सीटी, म्हणजे गाभा व दुय्यम गुंडाळी असलेले करंट ट्रान्सफॉर्मर, बसवून तेथील प्रवाहांची तुलना करणारी संरक्षण पद्धत आणली.

तत्त्व हाती असूनही घराघरांत ते पोहोचायला अर्धे शतक लागले, याचे मुख्य कारण गाभ्याचे लोखंड होते. साध्या सिलिकॉन पोलादात काही मिलिअँपिअरचा फरक रिले हलवण्याइतके चुंबकत्व देत नाही. गुस्टाव्ह एल्मेन यांनी अमेरिकेत विकसित केलेल्या पर्मलॉयसारख्या निकेल-लोहाच्या मिश्रधातूंनी ही मर्यादा बरीच ओलांडली. तरीही 1950 च्या दशकापर्यंत अशी यंत्रणा साधारण 10 अँपिअरच्या फरकावर चालत असे, म्हणजे वरच्या उदाहरणातला 9.2 अँपिअरचा दोष तिच्या हातून निसटला असता. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींसाठी हेन्री रुबिन यांनी 1955 मध्ये ही मर्यादा 250 मिलिअँपिअरवर आणली आणि पुढच्याच वर्षी चुंबकीय प्रवर्धक (लहान संकेत मोठा करणारे साधन) वापरून 12.5 ते 17.5 मिलिअँपिअरवर सुटणारा, म्हणजे वीज तोडणारा, नमुना तयार केला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी उडी हीच आहे, कारण येथून हे साधन यंत्राबरोबर माणसालाही वाचवू लागले. अमेरिकेत चार्ल्स डॅलझिएल यांनी तार हातातून सोडता न येण्याची मर्यादा प्रयोगांनी मोजली आणि 1961 मध्ये सुमारे 5 मिलिअँपिअरवर चालणारे साधन मांडले.

कारखान्यांत दुसरी एक पद्धतही रुळली. तीन फेजच्या तीन सीटींच्या दुय्यम बाजू समांतर जोडल्या की उरलेला प्रवाह रिलेला मिळतो. मात्र मोठी मोटार सुरू होताना तिन्ही सीटी सारख्या वागत नाहीत आणि रिले विनाकारण चालतो. म्हणून वाळूजच्या कारखान्यात काय किंवा साखर कारखान्यात काय, संवेदनशील संरक्षणासाठी केबलभोवतीची एकच सीटी बरी. तिथे एक बारीक गोष्ट हमखास चुकते. केबलचे चिलखत (बाहेरचे पोलादी आवरण) सीटीतून जात असेल, तर ग्लँडची (केबलच्या टोकाच्या पकडीची) अर्थिंगची तार त्याच सीटीतून उलट ओवून मगच जमिनीला जोडावी लागते. नाहीतर चिलखतातून परतणारा दोषप्रवाह मोजणीतून वजा होतो.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या सुरक्षा नियमांनी 250 व्होल्टपर्यंतच्या लहान जोडण्या वगळून अर्थ लीकेज संरक्षण बंधनकारक केले. थ्री फेज मोटारीचा दाब 250 व्होल्टच्या वर असल्याने ती या सवलतीत बसत नाही, तरी शेतातल्या कितीतरी पेट्यांत आजही स्टार्टर आणि तीन किटकॅटच दिसतात. वाइंडिंग जुने झाले किंवा जोडात ओल शिरली, की थोडी गळती कायम असते. म्हणून 30 मिलिअँपिअरचे साधन वारंवार सुटते आणि मग कोणीतरी ते बायपास करतो. अशा ठिकाणी 100 मिलिअँपिअरचे साधन टिकते, पण ते अंगातून जाणाऱ्या प्रवाहापासून थेट वाचवण्यासाठी नसते आणि पेटीला अर्थिंग असेल तरच माणूस हात लावण्याआधी सुटते. उन्हाळ्यातल्या 20 ओहमच्या खड्ड्यातूनही त्याला लागतो त्याच्या 90 पटींहून जास्त प्रवाह मिळतो. खड्डाच नसेल, तर त्या प्रवाहाला पेटीला हात लावणाऱ्याच्या अंगाखेरीज दुसरी वाट उरत नाही.