औषधनिर्मितीतील शीतकरण व शीतसाठवण (नाशिक)

औषधे व त्यांचा कच्चा माल तयार करताना आणि साठवताना ठरावीक तापमान व आर्द्रता राखणारी औद्योगिक व्यवस्था. नाशिकमध्ये ती सातपूर, अंबड व सिन्नर येथील औद्योगिक वसाहतींतल्या औषध कारखान्यांत आढळते.

शीतगृह या जिल्ह्याला नवे नाही. पिंपळगाव बसवंत-निफाड पट्ट्यात निर्यातीची द्राक्षे प्रीकूलिंग (साठवणीआधी झटपट थंड करणे) करून शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. कॉम्प्रेसर (शीतक वायू दाबणारा), कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकून त्याचे द्रव करणारा), एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (द्रवाचा दाब उतरवणारी झडप), इव्हॅपोरेटर (द्रवाची वाफ होताना उष्णता शोषणारा) हे चक्र दोन्हीकडे तेच. पण द्राक्षाला मानवणारी थंडी बऱ्याच औषधांना मारक ठरते. इन्सुलिन व बहुतेक लसी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. धनुर्वात किंवा हेपॅटायटिस-बीच्या लसीत अॅल्युमिनियमचे क्षार असतात. लस एकदा गोठली की त्यांचे कण गुठळ्या धरतात आणि वितळल्यावरही गुण परत येत नाही. उष्णतेची धास्ती सगळेच घेतात, खालच्या मर्यादेकडे मात्र दुर्लक्ष होते.

गोळ्या-कॅप्सूलच्या कारखान्यात चिलरची (पाणी थंड करणाऱ्या यंत्राची) बरीचशी क्षमता साठवणुकीपेक्षा उत्पादन कक्षांच्या हवेवर खर्ची पडते. सुमारे ७ अंशांचे पाणी कॉइलमधून फिरवून हवेतला ओलावा गाळतात आणि मग ती हवा थोडी तापवून आत सोडतात. रासायनिक कच्चा माल बनवताना काही अभिक्रियांसाठी शून्याखालची ब्राइन (न गोठणारे खारे पाणी) रिअॅक्टरच्या जॅकेटमधून (बाहेरच्या दुहेरी भिंतीतून) खेळवतात. मोठ्या यंत्रणेत शीतक म्हणून अमोनिया परवडतो. तो उणे ३३ अंशांना उकळतो आणि ओझोनला अपाय करत नाही. पण तो विषारी आहे आणि तांब्या-पितळेला खातो. त्यामुळे अमोनिया यंत्रघरातच ठेवून मालापर्यंत थंडी ब्राइन किंवा ग्लायकॉल मिसळलेल्या पाण्याने नेणे शहाणपणाचे.

नाशिकच्या हवामानाचे डावपेच वेगळे आहेत. उन्हाळा कडक असला तरी कोरडा, म्हणून कूलिंग टॉवर (पाण्याच्या बाष्पीभवनाने उष्णता बाहेर टाकणारे मनोरे) चांगले चालतात. पावसाळ्यात पारा उतरतो, पण दमट हवेमुळे टॉवरची धार बोथट होते आणि ओलावा गाळण्याचे काम वाढते. हिवाळ्यात तर उलटीच अडचण: निफाड परिसरात किमान तापमान काही वर्षी ५ अंशांच्याही खाली गेले आहे. अशा रात्री हवेने थंड होणाऱ्या कंडेन्सरमधला दाब इतका पडतो की एक्स्पान्शन व्हॉल्व्हला पुरेसे द्रव मिळत नाही. तेव्हा पंखे बंद-चालू करून दाब सांभाळतात.

म्हणूनच कोल्ड रूमचे तापमान-मॅपिंग उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात, खोली रिकामी असताना व मालाने भरलेली असताना, असे वेगवेगळे करतात. दाराजवळ, वरच्या रॅकवर, ब्लोअरच्या झोतात सेन्सर लावून सर्वांत उष्ण व सर्वांत थंड जागा शोधतात. पुढे कायमचे सेन्सर तिथेच बसतात. झोतासमोर माल रचत नाहीत. वीज गेल्यावर डीजी सेट (डिझेल जनरेटर) सुरू होईपर्यंत खोली किती वेळ तग धरते आणि दार उघडे राहिल्यास पारा किती मिनिटांत चढतो, हेही मोजून नोंदवतात.