पेटीत धुरांडी नाहीत, आणि ती विसरलेली नाहीत

टायटॅनिक जहाजाच्या प्रतिकृतीचा आमचा संच घेतल्याबद्दल आभार. पेटी उघडल्यावर बहुतेकांचा पहिला फोन एकाच कारणासाठी येतो: चार धुरांडी कुठे गेली? म्हणून हे पत्रक आता पेटीत सर्वांत वर ठेवतो.

हे जहाज समुद्रावरचं नाही. ३१ मे १९११ रोजी दुपारी सव्वाबाराच्या आसपास बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ या जहाजबांधणी कंपनीच्या गोदीतून ते पहिल्यांदा पाण्यात उतरलं, त्या क्षणाचं आहे. तेव्हा त्यावर धुरांडी नव्हती. आत एकोणतीस बॉयलर नव्हते, गालिचे नव्हते, खुर्च्या नव्हत्या. होतं ते लोखंडी खोकं, तेही सुमारे चोवीस हजार टनांचं. बाकी सगळं नंतर धक्क्याला बांधून भरलं आणि त्यात दहा महिने गेले. चाचणीसाठी जहाज निघालं ते २ एप्रिल १९१२ ला.

प्रतिकृती सातशेस एक या मापाची आहे, म्हणजे खऱ्या २६९ मीटरची इथे साडेअडतीस सेंटिमीटरला थोडी कमी. बाजूच्या पत्र्यांवर ठिपक्यांच्या रांगा दिसतील. ते रिव्हेट. खऱ्या जहाजात तीस लाखांच्या आसपास होते. भट्टीत लाल करून ठोकायचे, गार होताना ते आक्रसतात आणि दोन पत्रे घट्ट आवळले जातात. आम्ही अर्थातच सगळे कोरलेले नाहीत, डोळे गेले असते.

आता मुख्य भाग, जहाज पाण्यात सोडायची घसरपट्टी. मुंबईकर ग्राहक विचारतात की एवढा उपद्व्याप कशाला? आपल्याकडे वाडिया मंडळींनी मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजं बांधली ती कोरड्या गोदीत; दरवाजा उघडला, पाणी आत घेतलं की जहाज जागच्या जागी तरंगलं. शंका रास्त आहे. पण कोरडी गोदी म्हणजे खोदकाम, दगडी बांधकाम, दरवाजे, पंप, आणि जहाज तयार होईपर्यंत ती अडकून पडते. टायटॅनिकचा कणा ३१ मार्च १९०९ ला मांडला होता. दोन वर्षांहून जास्त काळ गोदी कोण अडवणार? त्यापेक्षा काठावर उतार करायचा, त्यावरच जहाज बांधायचं आणि एक दिवस सोडून द्यायचं. त्या काळच्या मोठ्या गोद्या असंच करत.

उतार अगदी थोडा असे, वीसेक फुटांना एक फूट. अंगणातलं पाणी वाहून जायला आपण देतो त्याहून फार जास्त नाही. एवढ्यावर चोवीस हजार टन घसरतात ते चरबीमुळे. जहाजाखाली लाकडी पाळणा, पाळण्याखाली लाकडी पट्ट्या, आणि दोन्हींच्या मधे जनावरांची चरबी, तेल, मऊ साबण, सगळं मिळून बावीस टनांच्या आसपास. आम्हीही सुरुवातीला खराच उतार ठेवला होता, साबण लावला, जहाज अडवून धरणारी खिटी ओढली. जहाज जागचं हललं नाही. लाकूड, साबण आणि हलकं वजन एवढ्यावर वीसास एकचा उतार पुरत नाही, म्हणून पेटीतली घसरपट्टी तिनास एक आहे. खऱ्यापेक्षा बरीच उभी, हे मान्य.

दोन्ही पट्ट्यांवर कपड्यांचा साधा साबण ओला करून घासा आणि लगेच उतरवा. साबण वाळला की तो धरतो. पट्ट्यांचं खालचं टोक पाण्याखाली दोन बोटं तरी बुडलेलं हवं. खऱ्या गोदीत भरतीची वेळ याचसाठी बघत. पाणी कमी असेल तर जहाजाचा मागचा भाग पट्टीच्या टोकाबाहेर अधांतरी लोंबतो आणि कणा मोडायची भीती.

जहाज मागच्या बाजूने आधी पाण्यात जातं. मागचा भाग तरंगू लागला की वर उचलला जातो, आणि उरलेला सगळा भार क्षणभर पाळण्याच्या पुढच्या टोकावर येतो. सोहळ्यातला सर्वांत अवघड क्षण हाच. पाहणाऱ्यांना तो कळतही नाही, त्यांचं लक्ष उडणाऱ्या टोप्यांकडे. आमच्या पहिल्या तीन पाळण्यांचे पुढचे तुकडे इथेच फुटले. बाकी पाळणा शिवणीच्या लाकडाचा आहे, पण नाळेखालचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाखालचा तुकडा आता सागाचा देतो. रंग गडद दिसला तर तो दोष समजू नका.

पितळी खिटी म्हणजे खऱ्या गोदीतली पाण्याच्या दाबावर चालणारी कळ. आधी जहाजाला टेकू दिलेले लाकडी खांब घाव घालून काढायचे, मग कळ सोडायची. खांब काढण्याचं काम जिवावरचं. त्या दिवशीही एक जहाजसुतार कोसळत्या लाकडांखाली सापडला आणि दगावला. कळ सुटल्यापासून बासष्ट सेकंदांत जहाज पाण्यात होतं. तुमच्याकडे दीडेक सेकंद लागेल, तेव्हा मोबाइलवर चित्रण करायचं असेल तर आधी सुरू करा, मग खिटी ओढा.

सोनाराच्या पेठेतून आणलेल्या साखळीचे दोन गुंते दोऱ्याने जहाजाच्या दोन्ही अंगांना बांधा. बेलफास्टला समोर मोकळा समुद्र नव्हता, लागन नदीचं पात्र होतं. नांगर आणि साखळदंडांच्या राशी ओढल्या गेल्या म्हणून जहाज थांबलं. तुमच्याकडे घंगाळाचा काठ आहे. साखळी विसरलात तर जहाजाचं मागचं टोक चेपतं, आणि ते आम्ही बदलून देत नाही.

शँपेनची बाटली दिलेली नाही, कारण टायटॅनिकची मालक व्हाइट स्टार कंपनी बाटली फोडतच नसे. धोक्याचा इशारा म्हणून अग्निबाण उडाले आणि जहाज सुटलं. आपल्याकडे होडी लोटताना नारळ वाढवतात, तसा तुम्ही जरूर वाढवा, फक्त पाणी पट्ट्यांवर सांडू नका, साबण निघतो.

आता धुरांडी. काही ग्राहक दुसऱ्या संचातली काढून चिकटवतात आणि मग जहाज कलतं म्हणून तक्रार करतात. इटलीत रिव्हा त्रिगोसोला २२ सप्टेंबर १९०७ रोजी प्रिन्चिपेसा योलांदा हे प्रवासी जहाज जवळजवळ पूर्ण सजवून पाण्यात सोडलं होतं, धुरांडी, सामानसुमान सगळं जागेवर. तळाशी कोळसा नव्हता, तोल राखणारं भरताड नव्हतं. वर जड, खाली हलकं. पाण्यात गेलं, एका अंगावर कललं, खिडक्यांतून पाणी शिरलं आणि किनाऱ्यासमोरच आडवं होऊन बुडालं. आमच्या जहाजाच्या तळाशी शिशाची पट्टी आहे, ती रिकाम्या खोक्यापुरतीच. चार धुरांडी आणि त्याबरोबर लावायची जादा शिशाची पट्टी असा जोडसंच वेगळा मिळतो. आधी पट्टी लावा, मग धुरांडी.

खेळून झाल्यावर घसरपट्टी आणि पाळणा कोमट पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. साबण राहिला तर शिवणीवर पांढरे डाग धरतात. लहान मुलांना साखळी आणि खिटी देऊ नका, दोन्ही तोंडात जाण्याएवढी बारीक आहेत. खिटी हरवली तर पेटीवरचा क्रमांक कळवा, नवी पाठवतो. तिचे पैसे घेत नाही.