निळा लाईट पेटला म्हणजे जंतू मेले?

कोविडपासून म्हापसा-फोंड्यातल्या बऱ्याच घरांत यूव्ही डबा, म्हणजे आत वस्तू ठेवून अतिनील किरणांनी जंतू मारायचा डबा, आलाय आणि तेव्हापासून एकच चाललंय, निळा लाईट पेटला की आतलं सगळं स्टराइल. तसं नाहीये हो. दिसतो तो नुसता उजेड, जंतू मारणारा यूव्ही-सी, पाऱ्याच्या दिव्यात साधारण २५४ नॅनोमीटरचा, डोळ्याला दिसतच नाही, आणि जिथे थेट पडतो तिथेच काम करतो. साध्या काचेतून तो जात नाही, म्हणजे बाळाची काचेची बाटली आडवी ठेवली तर आत तोंडातून शिरेल तेवढाच, त्यात दुधाचा थर राहिला असला तर संपलंच. त्यापेक्षा ब्रशने घासून उकळा. मोबाईलला ठीक, कव्हर काढून. पण दवाखान्यातल्या कात्र्या-चिमट्यांना ऑटोक्लेव्हच लागतो, १२१ डिग्रीची दाबाखालची वाफ, कारण काही जंतूंचे स्पोअर, म्हणजे त्यांचं कडक कवचातलं सुप्त रूप, उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत.