भीतीचा भाव: हॉरर गेम सेलमध्येच का खपतात

ऑक्टोबर सरत आला की स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, हॉरर गेमचा सेल लागतो. २०२२पासून त्याला ‘स्क्रीम फेस्ट’ असं रीतसर नावही आहे. या दिवसांत खेळाडूंच्या रिव्ह्यूंत एक गंमत दिसते. एक जण लिहितो, ‘अर्ध्या तासात बंद केला, पुन्हा उघडायची हिंमत नाही’ आणि शिफारस करतो. दुसरा पूर्ण गेम संपवतो, ‘भीतीच वाटली नाही’ म्हणतो आणि अंगठा खाली करतो. अर्धवट सोडलेल्या वस्तूची मनापासून तारीफ करणारं दुसरं गिऱ्हाईक मला तरी माहीत नाही. ‘आपल्याच्यानं हा संपेल का?’ अशी शंका घेऊनच हॉरर गेम विकत घेतला जातो, आणि अशा शंकेला पूर्ण किंमत मोजायला कोण तयार होईल? म्हणून या प्रकाराचा इतिहास सवलतीच्या इतिहासात गुंतलेला आहे.

दुकानातल्या सीडीवर सवलत मिळायची ती फळी रिकामी करायची म्हणून. सप्टेंबर २००३मध्ये व्हॉल्व्ह कंपनीनं स्टीम सुरू केलं तेव्हा फळीच उरली नाही. माल पडून राहण्याचा प्रश्न नाही, मग भाव पाडायचा कशाला? याचं उत्तर व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी फेब्रुवारी २००९मधल्या एका भाषणात आकड्यांनिशी दिलं. आदल्या सुट्ट्यांच्या मोसमात १० टक्के सवलतीवर विक्री ३५ टक्क्यांनी वाढली होती आणि ७५ टक्के सवलतीवर तब्बल १४७० टक्क्यांनी. ही वाढ प्रतींची नव्हे, गल्ल्यात पडलेल्या डॉलरची होती. म्हणजे पाव किमतीत विकूनही गल्ला पंधरा पटींहून जास्त भरला. हिशेब केला तर प्रती साठ पटींच्या पुढे जातात.

त्याच भाषणातलं गाजलेलं उदाहरण भुताखेतांच्याच गोतावळ्यातलं होतं. ‘लेफ्ट ४ डेड’ हा झोंबींचा गेम नोव्हेंबर २००८मध्ये आला. तीन महिन्यांनी तो एका वीकेंडला निम्म्या किमतीत दिला, तर विक्री ३००० टक्क्यांनी उसळली आणि प्रकाशनाच्या वेळचा आकडाही मागे पडला. स्टीमचे सेल पुढे सणासारखे साजरे होऊ लागले, त्याची मुळं इथं आहेत.

पण झोंबींवर बंदूक चालवता येते. खरी कसोटी लागली ती स्वीडनच्या हेल्सिंगबोर्गमधल्या फ्रिक्शनल गेम्स या छोट्या चमूची. त्यांचा ‘पेनंब्रा: ओव्हर्चर’ मे २०१०मधल्या पहिल्या हंबल बंडलमध्ये होता: पाहिजे तेवढे पैसे द्या आणि गेमचा अख्खा गठ्ठा घेऊन जा. चारच महिन्यांनी त्यांचा ‘अॅम्नेशिया: द डार्क डिसेंट’ आला. यात हातात शस्त्रच नाही. पळायचं, लपायचं आणि राक्षसाकडे बघायचंही टाळायचं, कारण बघितलं की नायकाचं डोकं फिरतं. हा गेम किती जणांनी संपवला कोण जाणे, पण दुसऱ्याला किंचाळताना असंख्य लोकांनी पाहिलं. प्यूडीपायसारख्या यूट्यूबरांचं नाव अशाच व्हिडिओंनी झालं. बघून हौस फिटली तरी स्वतः खेळून पाहायची खुमखुमी उरतेच, आणि सेल लागला की ती हमखास वर येते. मीही तसाच घेतला. पाणी भरलेल्या तळघरात न दिसणाऱ्या कशाचे तरी पाय पाण्यात आपटत आपल्याकडे येतात, तिथवर पोचलो. पुढचं व्हिडिओत पाहिलं.

स्वस्ताई मग या प्रकाराच्या अंगवळणी पडली. २०१२चा ‘स्लेंडर’ फुकट होता. २०१४चा ‘फाइव्ह नाइट्स अॅट फ्रेडीज’ पाच डॉलरांचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्लेस्टेशनवर ‘पी.टी.’ फुकट आला: एकच बोळ, पुन्हा पुन्हा. फुकट ते पौष्टिक म्हणतात, पण एप्रिल २०१५मध्ये तो काढून घेतला गेला, आणि ज्या मशीनमध्ये तो उतरवलेला होता ती अव्वाच्या सव्वा किमतींना विकायला निघाली.

नोव्हेंबर २०१३मध्ये स्टीमनं ग्राहकांचे रिव्ह्यू सुरू केले. शिफारस आहे किंवा नाही, दोनच बटणं, आणि शेजारी तुम्ही किती तास खेळलात ते. हॉररला ही पट्टी नीट बसत नाही. ‘एलियन: आयसोलेशन’ ऑक्टोबर २०१४मध्ये आला तेव्हा आयजीएन या गेम-समीक्षेच्या वेबसाइटनं १०पैकी ५.९ गुण दिले. लांबण फार, आणि तो प्राणी काही केल्या पिच्छा सोडत नाही, अशी तक्रार. पुढच्या सेलांमधून गेम घेणाऱ्यांना पिच्छा न सोडणारा प्राणीच हवा होता. मत हळूहळू पालटलं आणि दहा वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी दुसऱ्या भागाची घोषणा झाली. फ्रिक्शनलच्या ‘सोमा’ची गोष्ट उलटी. लोकांना कथा हवी होती, राक्षस नको होते. कुणीतरी राक्षसांना हल्लाच करू न देणारा मॉड (खेळाडूनं गेममध्ये परस्पर केलेला बदल) बनवला, आणि डिसेंबर २०१७मध्ये खुद्द कंपनीनंही तशी सोय गेममध्ये दिली.

भारतात हे सगळं काहीसं उशिरा आलं. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजारात कॉपी केलेली सीडी मिळत असताना डॉलरमधली सवलत कुणाला भुरळ घालणार? नोव्हेंबर २०१५मध्ये स्टीमवर रुपयांत किमती दिसू लागल्या, तेव्हा कुठे ‘सेल लागला का?’ हा प्रश्न इथल्या मित्रांच्या गप्पांत रुळला.

जून २०१५पासून आणखी एक गोष्ट बदलली. १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर पैसे परत. घाबरट गिऱ्हाइकाला मोठा दिलासा. पण चांगला भयाचा गेम अनेकदा दोन तासांहून छोटाच असतो. ताण त्याहून लांबवला तर विरतो. २०२१मध्ये ‘समर ऑफ ५८’ बनवणाऱ्या एमिका गेम्सनं जाहीर केलं की लोक गेम पूर्ण खेळतात, कौतुकाचे रिव्ह्यूही लिहितात आणि मग पैसे परत मागतात. आपण अनिश्चित काळासाठी गेम बनवणं थांबवतोय, असंही सांगितलं. नियम आजही तोच आहे.

मोठ्या कंपन्यांना ही झळ लागत नाही, त्यांना वाट पाहणं परवडतं. कॅपकॉमचा ‘रेसिडेंट ईव्हिल ७’ जानेवारी २०१७मध्ये आला. मार्चअखेर ४० लाख प्रती खपवायचं लक्ष्य होतं, खपल्या ३५ लाख. तेव्हा ते अपयश वाटलं. मग दर सेलला किंमत थोडी थोडी उतरत गेली, आणि २०२१मध्ये त्याच गेमनं १ कोटीचा टप्पा ओलांडला.