थंडीत रबराला उशीर होतो

फेब्रुवारी १९८६. चॅलेंजर अवकाशयानाच्या स्फोटाची चौकशी चालू होती. समितीचे एक सदस्य, भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन, यांनी यानाच्या रॉकेटचे जोड बंद ठेवणाऱ्या रबरी कड्याचा एक तुकडा छोट्या शिकंज्यात आवळला आणि समोरच्या ग्लासातल्या बर्फाच्या पाण्यात बुडवला. थोड्या वेळानं बाहेर काढून शिकंजा सैल केला, तर दबलेला तुकडा लगेच पूर्ववत होईना. तो तुटला नव्हता, त्याचा दगडही झाला नव्हता. त्याला फक्त उशीर होत होता. यानाच्या जोडातली फट वेळेत बंद न व्हायला तेवढा उशीर पुरला.

दणकट इंजिनाच्या, रुंद चाकांच्या गाडीसाठी हिवाळी टायर निवडताना मला हा तुकडाच आधी आठवतो. हिवाळी टायर म्हटलं की लोक नक्षीकडे बघतात, खाचा किती खोल आहेत ते बघतात. नक्षीला महत्त्व आहेच, पण तिची पाळी नंतर येते. आधी प्रश्न रबराच्या वेळेचा.

डांबरी रस्ता दिसायला सपाट असला तरी त्यावर खडी आहे, आणि खडीच्या अंगावर आणखी बारीक खरखर आहे. ब्रेक दाबला की टायरचं रबर या उंचवट्यांवरून किंचित घसरतं, खळग्यात शिरतं, बाहेर येतं, पुढच्या खळग्यात शिरतं. समजा ते सेकंदाला एक मीटर घसरतंय आणि खडे एकेक मिलिमीटरचे आहेत. म्हणजे सेकंदाला हजार ठोसे. शतांश मिलिमीटरच्या खरखरीचा हिशेब मांडला तर आकडा लाखावर जातो. पकड टिकायची तर प्रत्येक ठोशानंतर पुढच्या ठोशाआधी रबराला पुन्हा आकारात यावं लागतं.

रबर आतून लांबलचक रेणूंचा गुंता असतो. या साखळ्यांना गंधकानं गाठी मारायची युक्ती चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडली, म्हणून रबर उन्हात चिकट होत नाही. पण गाठींच्या मधले तुकडे सतत वळवळत असतात, आणि ती वळवळ उष्णतेवर चालते. तापमान उतरेल तशी ती मंदावते आणि एका टप्प्याला थिजते. रबर तेव्हा काचेसारखं होतं. नैसर्गिक रबराचा हा टप्पा उणे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. टायरच्या मिश्रणांचाही तो शून्याच्या बराच खाली असतो. मग ७ अंशांखाली हिवाळी टायर घाला असं का सांगतात? उन्हाळी टायर इतक्या लवकर कुरकुर का करतो?

कारण हे आकडे रबराला सावकाश वाकवून मोजलेले असतात. रस्ता त्याला सावकाश वाकवत नाही. लाखभर ठोशांच्या वेगानं मारा झाला की साखळ्यांना हलायला फुरसतच मिळत नाही, आणि एरवी मऊ असलेलं रबर त्या क्षणापुरतं काचेच्या जवळ जातं. ठोशांचा वेग दसपट झाला की हा टप्पा काही अंशांनी वर सरकतो. बोटानं दाबून रबर मऊ लागलं तरी रस्त्याला ते तसं लागेलच असं नाही, ते यामुळे.

वेगवान गाड्यांचे उन्हाळी टायर मुद्दामच या टप्प्याजवळ आणून ठेवलेले असतात. काचेच्या उंबरठ्यावरचं रबर वाकताना सर्वात जास्त ऊर्जा गिळतं, आणि या गिळलेल्या ऊर्जेतूनच पकड मिळते. उबदार, कोरड्या रस्त्यावर हा हिशेब अचूक बसतो. तापमान उतरलं की तोच टायर उंबरठा ओलांडून पलीकडे जातो. म्हणून उन्हात जो जास्त चिकटतो तोच थंडीत आधी सोडतो, आणि साध्या गाडीच्या साध्या टायरपेक्षा महागडा स्पोर्ट टायर जास्त दगा देतो. शर्यतीच्या अंगानं बनवलेले काही टायर कडक गारठ्यात वापरू नका, हलवतानाही जपा, नाहीतर रबराला चिरा पडतील, असं त्यांचे निर्माते लेखी सांगतात. ७ अंश हा मात्र ढोबळ नियम आहे. ८ अंशांना सगळं आलबेल आणि ६ अंशांना घसरगुंडी, असं काही नसतं.

हिवाळी मिश्रणात नैसर्गिक रबर आणि पॉलिब्युटाडीन हे कृत्रिम रबर यांचा वाटा मोठा असतो. पॉलिब्युटाडीन उणे १०० अंशांच्या आसपास थिजतं. शिवाय ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी भरपूर सिलिका, म्हणजे वाळूत असतो त्याच पदार्थाची बारीक पूड. थंडीतही या रबराला ठोशांचा वेग झेपतो. किंमत मोजावी लागते ती उबेत. तिथे ते लिबलिबीत पडतं, लवकर झिजतं आणि ब्रेकचं अंतर वाढवतं.

आता नक्षी. मराठीत आपण सगळ्याला बर्फच म्हणून मोकळे होतो, पण टायरच्या दृष्टीनं आकाशातून पडलेलं भुसभुशीत हिम आणि रस्त्यावर गोठलेला टणक बर्फ या दोन वेगळ्या जाती आहेत. हिमाला हिम चिकटतं, मुठीत दाबलं की त्याचा गोळा होतो. म्हणून हिवाळी टायरच्या खाचांत हिम भरून राहावं अशीच योजना असते. भरलेलं हिम खालच्या हिमाला धरतं. रबराच्या ठोकळ्यांवर ब्लेडनं मारल्यासारख्या ज्या बारीक चिरा दिसतात त्यांना सायप म्हणतात. जॉन साइप यांनी १९२३ मध्ये त्यांचं पेटंट घेतलं. या चिरा उघडतात तेव्हा प्रत्येक कड ओरखडा काढते. टणक बर्फावर खरी अडचण वरच्या पाण्याच्या पातळ थराची असते. त्यामुळे शून्याला टेकलेला ओला बर्फ उणे २० च्या कोरड्या बर्फापेक्षा जास्त निसरडा.

ताशी ५० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी घ्या. घर्षणांक, म्हणजे पकडीचा आकडा, ०.९ असलेल्या कोरड्या रस्त्यावर ती ब्रेक लागल्यापासून ११ मीटरांत थांबते. दाबलेल्या हिमावर टायरनुसार घर्षणांक ०.३ मिळाला तर ३३ मीटर, ०.२ मिळाला तर ४९. या दोन आकड्यांत १६ मीटरांचा फरक आहे, तीनेक मोटारींच्या लांबीचा. इंजिन किती ताकदीचं आहे याचा इथे संबंधच येत नाही. ‘माझ्या गाडीचं इंजिन चारही चाकं फिरवतं’ हे उत्तरही इथे लागू नाही. त्यानं निघायला मदत होते. थांबण्यासाठी ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात.

रुंदीबद्दल एक समज पक्का आहे: अरुंद टायर जास्त दाबानं टेकतो म्हणून बरा. हे अर्धंच खरं. जमिनीवरचा दाब मुख्यतः टायरमधल्या हवेवर ठरतो. वजन तेच आणि हवा तीच असेल तर टेकलेल्या भागाचं क्षेत्रफळही जवळपास तेच राहतं, फक्त त्याचा आकार लांबट होतो. फायदा या लांबट आकाराचाच आहे. पुढून कमी हिम रेटावं लागतं, आणि पुढच्या भागानं दाबलेल्या वाटेवर मागचा भाग धरतो. रस्ते बहुतेक दिवस साफ आणि कोरडे राहत असतील, तर फार अरुंद जाण्यात अर्थ नाही.

उदाहरणार्थ २५५/३५ आर १९ चा टायर: रुंदी २५५ मिलिमीटर, बाजूची भिंत रुंदीच्या ३५ टक्के उंच, रिम १९ इंची. बाहेरचा व्यास ६६१ मिलिमीटर. त्याजागी २२५/४५ आर १८ घातला तर व्यास ६६० भरतो, स्पीडोमीटरला कळणारही नाही. रुंदी ३० मिलिमीटरनं घटते, आणि बाजूची भिंत ८९ वरून १०१ वर जाते. हिमाखाली झाकलेल्या खड्ड्यात चाक आपटतं तेव्हा हे १२ मिलिमीटर रिम वाचवतात. भार पेलण्याचा आकडा मात्र गाडीच्या पुस्तिकेत दिलाय त्याहून कमी नको.

आणखी लहान रिम घ्यायचा मोह होतो आणि तो ब्रेकपाशी अडतो. या गाड्यांचे कॅलिपर, म्हणजे ब्रेकच्या चकतीला आवळणारे चिमटे, फुगीर असतात. दोन १८ इंची रिम एकाच मापाच्या असूनही एकीच्या आऱ्या बाहेरून वळून जातात आणि दुसरीच्या थेट कॅलिपरवर घासतात. बोल्टांचं वर्तुळ, ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते त्याचं माप), मधल्या भोकाचा व्यास हे सगळं कागदावर जुळतं. आऱ्यांचा बाक जुळत नाही. पुठ्ठ्याचा साचा कापून आधी कॅलिपरवर आणि मग रिमच्या आत धरून बघणं हा मला आजही सर्वात भरवशाचा उपाय वाटतो. मागची चाकं पुढच्यांपेक्षा रुंद असतील, तर निर्मात्यानं मुभा दिली असल्यास हिवाळ्यात चारही एकाच मापाची घ्यावीत. मग पुढच्या-मागच्यांची अदलाबदल करता येते. आणि चकाकत्या, कापीव पृष्ठभागाच्या रिम नकोत. रस्त्यावर टाकलेल्या मिठातलं क्लोराइड वार्निशच्या एखाद्या टवक्यातून आत शिरतं आणि खाली ॲल्युमिनियमवर पांढऱ्या अळ्या सरपटल्यासारख्या रेघा उमटतात. पूर्ण रंगवलेली साधी रिम बरी.

टायरच्या भिंतीवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह शोधा. त्यासाठी टायरला हिमावरची चाचणी पार करावी लागते. नुसत्या ‘एम+एस’ (मड अँड स्नो, चिखल आणि हिम) अक्षरांमागे अशी चाचणी नसते. टायर जास्तीत जास्त किती वेग सोसतो ते सांगणारं अक्षरही भिंतीवर असतं: एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, व्ही २४०, डब्ल्यू २७०. माझं मत विचाराल तर निर्मात्याची आणि कायद्याची अट पाळून जितकं खालचं अक्षर चालेल तितकं घ्यावं. जास्त वेग सोसायचा तर टायरला ताठ व्हावं लागतं, आणि ताठपणाच तर आपल्याला नको आहे.

शेवटी हवा. २० अंशांच्या गॅरेजमध्ये ३६ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) भरली आणि गाडी उणे १० अंशांत रात्रभर उभी राहिली. मापक वातावरणाहून जास्तीचाच दाब दाखवतो, म्हणून वातावरणाचे १४.७ मिळवून एकूण दाब ५०.७. केल्विनमध्ये तापमान २९३ वरून २६३ वर आलं, त्या प्रमाणात दाब ४५.५ झाला, १४.७ वजा केले की उरतात ३१. पंक्चर नाही, गळती नाही, तरी ५ पीएसआय गायब, आणि डॅशबोर्डवर टायरचा दाब कमी असल्याचा पिवळा दिवा. वीस मिनिटं चालवली की टायर तापतो, दाब चढतो, दिवा कधीकधी विझतोही. दुसऱ्या सकाळी तो पुन्हा तिथेच असतो.