नवीन टँक, नितळ पाणी आणि मेलेले मासे

नवीन फिशटँक घेतलेल्या ओळखीच्या माणसाचा फोन मला साधारण दुसऱ्या आठवड्यात येतो. "दोन मासे गेले. तिसरा वर येऊन सारखी तोंडाची उघडझाप करतोय. कुठलं औषध टाकू?" पाणी तपासलं का, असं मी विचारतो. त्यावरचं उत्तरही ठरलेलं असतं. "पाणी एकदम स्वच्छ आहे हो, आरपार दिसतंय!"

या 'आरपार दिसतंय'ची मला फार धास्ती वाटते. मासे मारणारी विषं दोन, माशांच्या टाकाऊतून येणारा अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट. अमोनियाला रंग नाही, नायट्राइटलाही नाही. पाण्यात मीठ किती विरघळलंय हे जसं बघून सांगता येत नाही, तसंच हे. उलट तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं की लोक घाबरतात आणि अख्खा टँक रिकामा करून धुऊन काढतात. तो दुधाळपणा म्हणजे उरल्यासुरल्या खाद्यावर फोफावलेले जिवाणू. एअर पंप चालू ठेवला आणि खाद्य कमी केलं, तर बहुतेक वेळा चार-सहा दिवसांत ते पाणी आपोआप निवळतं. म्हणजे ज्याला घाबरायचं त्याकडे लक्ष जात नाही, आणि ज्याला घाबरायचं नाही त्यापायी टँक धुतला जातो.

आपल्या शरीरात प्रथिनांतला टाकाऊ नायट्रोजन युरियात बदलून लघवीवाटे जातो. गोड्या पाण्यातले बहुतेक मासे ही खटपट करत नाहीत. सगळीकडे पाणीच असल्यामुळे ते अमोनिया तसाच सोडून देतात, आणि तोही मुख्यतः कल्ल्यांतून. हिशोब करून पाहू. माशांच्या खाद्यात 40 टक्के प्रथिनं असतील, तर एक ग्रॅम खाद्यात 0.4 ग्रॅम प्रथिनं. प्रथिनांत साधारण 16 टक्के नायट्रोजन, म्हणजे 64 मिलिग्रॅम. त्यातला निम्मा जरी अमोनिया होऊन बाहेर पडला, तरी 50 लिटरच्या टँकमध्ये लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमहून जास्त भर पडते. रोज एक ग्रॅम टाकलं, तर ही भरही रोजच पडणार. न खाल्लेलं खाद्य तळाशी कुजून तेच करतं.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक नुसता अमोनिया. दुसरा अमोनियम, म्हणजे कडेवर हायड्रोजनचा एक आयन घेतलेला अमोनिया. या आयनासोबत त्याच्यावर धन विद्युतभार येतो, आणि या एवढ्याशा फरकावर माशाचं जगणं-मरणं ठरतं. पेशीचं आवरण तेलकट असतं. भार असलेल्या कणाला ते सहजी आत घेत नाही, पण बिनभाराचा अमोनिया त्यातून सरळ पार होतो. एरवी हाच गुण माशाच्या फायद्याचा असतो. रक्तात अमोनिया जास्त, पाण्यात कमी, म्हणून तो कल्ल्यांतून आपसूक बाहेर जातो. पाण्यातच तो साचला की ही उतरण सपाट होते. माशाला स्वतःचं विष बाहेर टाकता येत नाही, आणि साठा आणखी वाढला तर पाण्यातला अमोनिया उलटा आत शिरतो. कल्ले सुजतात आणि मज्जासंस्था बिघडते.

या दोन रूपांचं प्रमाण ठरतं पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर. सामू जास्त म्हणजे हायड्रोजन आयन कमी, म्हणजेच कडेवर घ्यायला कोणी नाही. 25 अंश सेल्सिअसला 9.25 या सामूवर दोन्ही रूपं निम्मी-निम्मी असतात. तिथून सामू एकाने उतरला, 8.25 झाला, की नुसता अमोनिया एक तर अमोनियम दहा. 7.25 ला एकास शंभर. सामूचं माप दहापटींच्या पायऱ्यांचं आहे, म्हणून प्रमाणही दहाच्या पटीत बदलतं. नेहमीच्या आकड्यांत सांगायचं तर दर हजार रेणूंमागे नुसत्या अमोनियाचे रेणू सामू 7 ला सहाच्या आसपास, 8 ला चोपन्न आणि 9 ला साडेतीनशेच्या वर. पाणी तापलं की हे आकडे आणखी वाढतात.

टेस्ट किटच्या नळीत थेंब टाकले की पिवळं पाणी हळूहळू हिरवट होत जातं. तो हिरवा रंग दोन्ही रूपांची बेरीज सांगतो. समजा बेरीज लिटरमागे 1 मिलिग्रॅम आली. सामू 7 असेल तर त्यात घातक अमोनिया 0.006 मिलिग्रॅम. सामू 8 असेल तर 0.054. कल्ल्यांना इजा साधारण 0.05 पासून सुरू होते असं धरतात. म्हणजे दोन टँक, दोन्ही नळ्यांत अगदी तीच हिरवी छटा, आणि एकातले मासे मजेत तर दुसऱ्यातले पृष्ठभागाशी धापा टाकतायत. म्हणून अमोनियाचा आकडा एकटा वाचू नका, शेजारी सामू आणि तापमान लिहा.

लांबून आणलेल्या माशांच्या पिशवीतही हेच घडतं. बंद पिशवीत मासे श्वास घेत राहतात, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि सामू उतरतो. अमोनियाही साचतो, पण उतरलेल्या सामूमुळे तो बहुतांशी अमोनियमच्या रूपात, निरुपद्रवी होऊन पडून असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, सामू चढतो आणि तोच साठा विषारी होऊ लागतो. पिशवीत काही तास गेले असतील, तर ती उघडून तासभर तरंगत ठेवू नये. बंद असतानाच तापमान जुळवावं, उघडल्यावर मासे जाळीने काढून टँकमध्ये सोडावेत, आणि पिशवीतलं पाणी टाकून द्यावं.

हा अमोनिया शेवटी संपवतात जिवाणू, आधी त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करून. 1877 मध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या लांब काचनळीतून सांडपाणी झिरपत ठेवलं. पहिले वीस दिवस काहीच झालं नाही. अमोनिया जसा आत जात होता, तसाच बाहेर येत होता. मग बाहेरच्या पाण्यात नायट्रेट दिसू लागलं. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली तर ते थांबलं, आणि नंतर मातीचं पाणी घातल्यावर पुन्हा सुरू झालं. त्यावरून हे काम सजीवांचं आहे हे कळलं. नवीन टँकचे पहिले काही आठवडे म्हणजे तेच वीस दिवस, फरक इतकाच की आपण तेव्हा नळीत मासे सोडलेले असतात.

एवढा वेळ का? अमोनियाचं ऑक्सिडीकरण करून मिळणारी ऊर्जा तुटपुंजी, आणि त्याच ऊर्जेवर या जिवाणूंना कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःची पेशी घडवायची असते. ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. यांना कित्येक तास, बऱ्याचदा एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. शाळेत आपण शिकलो की अमोनियाचं नायट्राइट नायट्रोसोमोनास करतो आणि नायट्राइटचं नायट्रेट नायट्रोबॅक्टर. 1998 मध्ये दिसून आलं की गोड्या पाण्याच्या टँकमध्ये नायट्राइटचं नायट्रेट करणारा मुख्य कामगार नायट्रोबॅक्टर नसून नायट्रोस्पायरा आहे. 2015 मध्ये त्याच नायट्रोस्पायराचे असे प्रकार सापडले, जे अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकटे करतात. त्यातला एक मत्स्यपालनाच्या फिल्टरमधून वाढवलेला होता. आपल्या फिल्टरच्या स्पंजमध्ये इतकं नवं विज्ञान दडलंय, याचा मला दरवेळी आनंद होतो.

या जिवाणूंना दोन गोष्टी भरपूर लागतात. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला सुमारे साडेचार ग्रॅम ऑक्सिजन, आणि सात ग्रॅमच्या वर क्षारता, म्हणजे पाण्याची सामू सावरून धरायची ताकद, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात. क्षारता संपली की सामू कोसळतो, आणि सहाच्या खाली गेला की हे काम जवळजवळ बंद पडतं. अशा वेळी अमोनियम साठत राहतो. मग एके दिवशी मालक भरपूर ताजं, चढ्या सामूचं पाणी ओततो, अमोनियमचा अमोनिया होतो आणि वर्षभर टिकलेले मासे तासाभरात जातात.

मासा मेला की त्याने घरावरचं संकट स्वतःवर घेतलं, असं समाधान करून घेणारे भेटतात. मला हे मनापासून खटकतं. त्या समजुतीत टेस्ट किटला जागाच उरत नाही, आणि पुढचा मासा त्याच पाण्यात सोडला जातो. 'एका रात्रीत टँक तयार' असं लिहिलेल्या जिवाणूंच्या बाटल्यांबद्दलही सांगतो. काहींत खरोखर जिवंत जिवाणू असतात आणि वेळ वाचतो. पण उन्हातान्हात महिनोन्महिने पडलेल्या बाटलीत काय उरलं असेल, हे लेबल सांगणार नाही. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्याशिवाय टँक तयार झाला असं मानू नका.

मधला टप्पा नायट्राइटचा. ते कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहण्याजोगं ठेवत नाही. रक्त तपकिरी होतं, पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. नायट्राइट ज्या वाटेने आत जातं, त्याच वाटेने क्लोराइडही जातं. म्हणून पाण्यात थोडं साधं मीठ असलं तर नायट्राइटला शिरायला अडचण होते.

अशा पाण्यात तग धरून राहिलेल्या माशाला मग खरे रोग गाठतात. सगळ्यात नेहमीचा पांढऱ्या ठिपक्यांचा, म्हणजे इकचा. असा एक ठिपका मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आहे. वाळूच्या कणाएवढी एकच पेशी, अंगभर बारीक पक्ष्माभिका, म्हणजे केसांसारखे तंतू, संथपणे स्वतःभोवती फिरणारी, आणि आत घोड्याच्या नालेसारखं वळलेलं केंद्रक. माशाच्या वरच्या त्वचेखाली ती खाऊन मोठी होते, गळून तळाशी चिकटते, कवच करून आत विभागत राहते, आणि शेकडो पिल्लं पोहत बाहेर पडतात. एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर. त्वचेखालच्यांना आणि कवचातल्यांना ते पोचत नाही. म्हणूनच पहिल्या दिवशी औषध टाकून दुसऱ्या दिवशी ठिपके तसेच दिसले, तर ते निकामी ठरत नाही. 25 अंशांच्या आसपास हे चक्र साधारण आठवड्याचं असतं, थंड पाण्यात कित्येक आठवड्यांचं. शेवटचा ठिपका गेल्यावरही उपचार आठवडाभर चालू ठेवावा. तापमान वाढवून चक्र पळवता येतं, पण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, तेव्हा हवा वाढवा.

आणि हे फार महत्त्वाचं: मिथिलीन ब्लू आणि अनेक अँटिबायोटिक्स फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारतात. निदान न करता नवीन टँकमध्ये औषध ओतलं, तर वीस दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. उपचार शक्यतो वेगळ्या टाकीत करावा.

पहिला महिना खाद्य चिमूटभर, तेही एक दिवसाआड. अमोनिया किंवा नायट्राइट दिसलं की चौथा हिस्सा पाणी बदलायचं, नवं पाणी क्लोरीन काढून आणि तापमान जुळवून. पाण्यात क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनिया जोडून केलेलं जंतुनाशक असेल, तर क्लोरीन काढायच्या नुसत्या थायोसल्फेटने क्लोरीन जाईल, पण मागे अमोनिया उरेल, हे ध्यानात ठेवा. स्पंज नळाखाली कधीही धुऊ नका. टँकमधून काढलेल्या बादलीभर पाण्यातच दोनदा पिळा. त्यातून निघणारा तपकिरी गाळ पाहून किळस येते, पण जिवाणू त्या स्पंजला चिकटून असतात. एखाद्या मित्राच्या जुन्या टँकमधला असा न धुतलेला स्पंज ओला ठेवून आणला आणि आपल्या फिल्टरमध्ये बसवला, तर तीन-चार आठवड्यांचं काम काही दिवसांवर येतं. फक्त त्या टँकमध्ये गेल्या दोन महिन्यांत पांढरे ठिपके दिसले होते का, हे आधी विचारून घ्या.